कॉमेट: पहिले जेट प्रवासी विमान आणि ते उडवणारे

विमानांचा इतिहास बहुधा ती बांधणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो; रचनाकार कोण, इंजिन कोणते, पहिले उड्डाण कधी आणि अपघात किती, या प्रश्नांभोवतीच तो फिरत राहतो. ब्रिटनच्या डी हॅव्हिलंड कंपनीने घडवलेले आणि २ मे १९५२ रोजी नियमित सेवेत आलेले कॉमेट हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान याला अपवाद ठरलेले नाही. त्याच्याविषयीच्या बहुतेक लेखनात १९५४ सालच्या दोन अपघातांनी बाकी सगळे झाकून टाकले आहे. मात्र अवघी ११४ बांधली गेलेली ही विमाने कोणी घेतली, कोणत्या मार्गांवर चालवली आणि कोणाच्या हातात ती सर्वांत जास्त टिकली, असा शोध घेतला तर एका यंत्राच्या चरित्राऐवजी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाचाच एक नकाशा समोर येतो. मावळत्या साम्राज्याचे हवाई मार्ग, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या राष्ट्रीय विमानकंपन्या आणि भूमध्य समुद्राकाठी सुट्टीला जाणारा युरोपीय मध्यमवर्ग यांची नोंद या विमानाच्या मालकीच्या कागदपत्रांत आहे, आणि या सर्वांच्या जोडीने, प्रवाशांच्या नजरेआड, हवाई दलांचीही आहे.

या विमानाची कल्पना युद्धकाळातली आहे. युद्धात मालवाहू व सैन्यवाहू विमाने बांधण्याचे काम प्रामुख्याने अमेरिकेकडे आणि लढाऊ व बाँबफेकी विमानांचे काम ब्रिटनकडे राहिल्यामुळे शांतता झाल्यावर प्रवासी विमानांची बाजारपेठ अमेरिकेच्या हाती जाणार, हे ब्रिटिश सरकारला दिसत होते. त्यावर उपाय सुचवण्यासाठी लॉर्ड ब्रेबझन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने शिफारस केलेल्या विमानप्रकारांपैकी एक होते अटलांटिकपार टपाल नेणारे जेट विमान. डी हॅव्हिलंडचे मुख्य रचनाकार रोनाल्ड बिशप यांनी त्या टपालविमानाचे पूर्ण प्रवासी विमान केले आणि २७ जुलै १९४९ रोजी हॅटफिल्ड येथून जॉन कनिंगहॅम यांनी ते प्रथम उडवले. तोपर्यंतची प्रवासी विमाने मोटारीच्या इंजिनासारख्या दट्ट्यांच्या इंजिनांवर व पंख्यांवर चालत आणि ढगांच्या व वादळांच्या थरातूनच मार्ग काढत. जेट इंजिन हवा आत ओढून, दाबून, इंधनाबरोबर जाळून मागे फेकते आणि तिच्या धक्क्याने पुढे जाते. खालच्या दाट हवेत ते इंधन फार खाते, पण १० ते १२ किलोमीटर उंचीवरील विरळ व थंड हवेत काटकसरीने चालते. त्या उंचीवर माणूस श्वास घेऊ शकत नाही, म्हणून विमानाच्या आत हवा भरून दाब वाढवावा लागतो. बाहेर ४०,००० फुटांची विरळता असताना कॉमेटच्या आत सुमारे ८,००० फुटांवर असावी इतकी हवा राखली जाई. फुगवलेले हे धातूचे नळकांडे प्रत्येक उड्डाणात एकदा ताणले जाई व एकदा सैल पडे, आणि पुढच्या सगळ्या दुर्दैवाचे मूळ याच साध्या गोष्टीत होते.

पहिला ग्राहक ठरलेलाच होता. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन, म्हणजे बीओएसी, ही सरकारी मालकीची कंपनी साम्राज्याच्या दूरच्या भागांना लंडनशी जोडण्यासाठीच अस्तित्वात आली होती. २ मे १९५२ रोजी ३६ प्रवाशांना घेऊन लंडनहून निघालेले तिचे पहिले कॉमेट रोम, बैरुत, खार्टूम, एंटेबी व लिव्हिंगस्टन असे थांबे घेत २४ तासांच्या आत जोहान्सबर्गला पोचले. घोस्ट या नावाची इंजिने असलेल्या पहिल्या कॉमेटचा एका दमाचा पल्ला तोकडा असल्याने इतके थांबे घेणे भाग होते. आणि या थांब्यांची नावे पाहिली तर रोम व बैरुत मागे पडल्यावर प्रत्येक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ब्रिटिश अंमल होता, हे सहज लक्षात येते. जगातील सर्वांत नवे यंत्र अशा रीतीने जगातील एका जुन्या सत्तेच्या वाटेवरून चालू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन–कोलंबो सेवा सुरू झाली आणि तिचा मार्ग रोम, बैरुत, बहरीन, कराची व मुंबई असा होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापूर आणि एप्रिल १९५३ मध्ये टोकियो या मार्गांची भर पडली व कोलकात्याचा दमदम विमानतळही कॉमेटच्या नियमित थांब्यांत आला. एअर इंडियाच्या ताफ्यात पहिले जेट विमान, बोइंग ७०७, दाखल झाले ते १९६० मध्ये. म्हणजे मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या धावपट्टीवर जेट प्रवासी विमान उतरू लागले ते भारताकडे स्वतःचे असे विमान येण्याच्या जवळजवळ आठ वर्षे आधी.

बीओएसीच्या यशाने इतरांना हुरूप आला. एअर फ्रान्स आणि यूएटी ही दुसरी फ्रेंच कंपनी यांनी प्रत्येकी तीन कॉमेट घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय कंपनीने बीओएसीची विमाने भाड्याने घेऊन १९५३ च्या अखेरीस स्वतःच्या वैमानिकांसह चालवायला सुरुवात केली. कॅनडियन पॅसिफिकला पॅसिफिक महासागरावरील मार्गासाठी दोन विमाने हवी होती, पण त्यांतील पहिलेच विमान ३ मार्च १९५३ रोजी ऑस्ट्रेलियाला पोचवले जात असताना कराचीच्या धावपट्टीवरून उचलले गेले नाही आणि त्यातील ११ जणांचा बळी गेला. विमानाचे नाक धावपट्टीवर प्रमाणाबाहेर उचलले गेल्यामुळे पंखांवरून वाहणारी हवा विस्कटली होती आणि विमान वर उचलण्याची पंखांची शक्तीच हरपली होती. जेट प्रवासी विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात होय. पंखाच्या पुढच्या कडेचा आकार पुढे बदलण्यात आला, पण कॅनडियन पॅसिफिकने दुसरे विमान घेतले नाही.

कॅनडाचे हवाई दल मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. त्याच्या ४१२ व्या स्क्वाड्रनने १९५३ मध्ये दोन कॉमेट घेतली आणि जेट वाहतूक विमान बाळगणारे जगातील पहिले हवाई दल हा मान कॅनडाला मिळाला. या विमानांना दुहेरी काम होते. एकीकडे ती सैनिक, अधिकारी व मंत्र्यांना ओटावाहून युरोपातील कॅनडियन तळांवर नेत. दुसरीकडे सोव्हिएत बाँबफेकी विमान जितक्या उंचीवरून व वेगाने येऊ शकेल तितक्याच उंचीवरून व वेगाने उडून ती उत्तर अमेरिकेच्या रडारयंत्रणेची आणि लढाऊ वैमानिकांची परीक्षा घेत. १९५४ नंतर ही दोन्ही विमाने डी हॅव्हिलंडकडे परत जाऊन, त्यांचा सांगाडा मजबूत होऊन, १९५७ मध्ये पुन्हा सेवेत आली आणि पुढे अनेक वर्षे चालली. पहिल्या पिढीच्या कॉमेटला दुसरे आयुष्य द्यायला एकही विमानकंपनी धजावली नव्हती. ते धाडस एका हवाई दलाने केले, ही गोष्ट पुढच्या सर्व इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष होत असताना, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला निघालेले बीओएसीचे कॉमेट दमदमहून उडाल्यानंतर काही मिनिटांतच कोलकात्याच्या वायव्येस कालवैशाखीच्या वादळात हवेतच मोडले आणि त्यातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. वैशाखात बंगालवर अकस्मात चाल करून येणाऱ्या या वादळांचा जोर स्थानिकांच्या परिचयाचा होता, आणि भारत सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाने सांगाडा मोडण्यामागे वादळी झोत किंवा त्या झोतांत वैमानिकाकडून झालेले अतिरिक्त नियंत्रण ही दोन संभाव्य कारणे नोंदवली. हाती असलेल्या पुराव्यावर हा निष्कर्ष अवाजवी नव्हता. तरीही विमान हवेत तुटले होते ही वस्तुस्थिती वादळाच्या स्पष्टीकरणाखाली झाकली गेली आणि सेवा पूर्ववत सुरू राहिली. कॉमेटच्या इतिहासात कोलकात्याचा अपघात सहसा तळटीपेपुरता उरतो. वास्तविक धोक्याची पहिली मोठी खूण म्हणून त्याला मध्यवर्ती जागा मिळायला हवी, कारण नंतरच्या दोन अपघातांत वादळाची सबब उरली नव्हती.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले, सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी जोहान्सबर्गची पहिली सेवा करणारे तेच कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळून ३५ जण दगावले. विमाने जमिनीवर आणली गेली, अनेक सुधारणा झाल्या आणि खरे कारण न कळताच २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली. अवघ्या सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकन कंपनीच्या सेवेत असलेले दुसरे कॉमेट रोमहून कैरोला जाताना नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात पडून २१ जणांचा अंत झाला. आता कॉमेटचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, म्हणजे प्रवासी नेण्याची सरकारी परवानगी, काढून घेण्यात आले.

यानंतर फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जो तपास झाला, तो अपघातांच्या चौकशीच्या इतिहासात आजही मानदंड समजला जातो. ब्रिटिश नौदलाने एल्बाजवळच्या समुद्रतळातून विमानाचा मोठा भाग तुकड्यातुकड्यांनी वर काढला आणि संशोधकांनी ते तुकडे लाकडी सांगाड्यावर मूळ जागी बसवत नेले. त्याच वेळी सेवेतले एक जुने कॉमेट लोखंडी टाकीत असे बसवण्यात आले की मधला भाग पाण्यात राहील व पंख दोन्ही बाजूंनी बाहेर येतील. आतबाहेर पाणी भरून आतले पाणी दाबाने फुगवायचे व सोडायचे आणि पंखांना यंत्रांनी वरखाली हलवायचे, म्हणजे एका उड्डाणाचा ताण थोड्या वेळात देता येई. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की दाबलेली हवा सांगाडा फुटताच बाँबसारखी उसळते आणि पुरावाच उद्ध्वस्त करते, तर पाणी जवळजवळ दबत नसल्याने चीर पडताच दाब ओसरतो व चीर जशीच्या तशी हाती लागते. प्रत्यक्ष १,२२१ आणि टाकीतली १,८३६, अशी ३,०५७ उड्डाणे पुरी झाल्यावर खिडकीच्या कोपऱ्यापासून विमानाचा पत्रा फाटला. धातूला आलेला थकवा हे त्याचे कारण होते. एखादी पट्टी एका झटक्यात मोडणार नाही इतकाच ताण तिला पुन्हा पुन्हा दिला, तर तिच्यात सूक्ष्म भेग जन्मते, दर खेपेला कणाकणाने वाढते आणि शेवटी एका सामान्य ताणालाही ती दाद देते. एल्बाजवळून काढलेल्या छताच्या पत्र्यातही, दिशाशोधक अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, तशीच भेग आढळली.

डी हॅव्हिलंडने चाचण्या केल्याच नव्हत्या, असा समज अजूनही आढळतो आणि तो अन्यायकारक आहे. कंपनीने सांगाड्याच्या एका भागावर दाबाची आवर्तने हजारो वेळा करून पाहिली होती व तो भाग त्यांत टिकलाही होता. परंतु त्याच भागावर त्यापूर्वी नेहमीच्या दुप्पट दाबाची परीक्षा घेतलेली होती. त्या जादा दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन पुढच्या लहान ताणांना उलट अधिक कणखर झाला होता. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना असा कणखरपणा कधीच लाभला नव्हता. लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल १९५५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला आणि त्यातील ज्ञान साऱ्या जगातील विमान बांधणाऱ्यांना उपलब्ध झाले, ज्यांत त्या वेळी आपली जेट विमाने आखत असलेल्या अमेरिकन कंपन्याही होत्या.

या काळात विमानकंपन्यांनी पाठ फिरवली असताना कॉमेटला हात दिला तो ब्रिटिश हवाई दलाने. बीओएसीसाठी बांधायला घेतलेली दुसऱ्या मालिकेची विमाने जाड पत्रा व गोलाकार खिडक्या देऊन पुरी करण्यात आली आणि १९५६ मध्ये लायनम येथील २१६ व्या स्क्वाड्रनकडे गेली. या स्क्वाड्रनच्या पहिल्या कामगिऱ्यांपैकी एक होती त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनच्या हवाई खात्याच्या मंत्र्यांना मॉस्कोच्या विमानप्रदर्शनाला नेण्याची. त्याच वर्षी मार्चमध्ये सोव्हिएत संघाने आपले तुपोलेव्ह १०४ हे जेट विमान लंडनला आणून पाश्चात्त्यांना चकित केले होते, आणि जेट प्रवासी विमानाची निर्मिती ब्रिटनला अजून साधते हे मॉस्कोला दाखवण्यासाठी लष्करी कॉमेटखेरीज दुसरे विमान ब्रिटनकडे नव्हते. पुढे ही विमाने पॅसिफिकमधील ख्रिसमस बेटावरच्या अणुचाचण्यांसाठी माणसे व साहित्य नेण्याच्याही कामी आली. याच मालिकेतल्या तीन विमानांना जुन्याच चौकोनी खिडक्या राहिल्या होत्या आणि म्हणून त्यांत हवेचा दाब भरण्यास मनाई होती. तीही वाया न घालवता विद्युत्-संदेश टिपणाऱ्या उपकरणांनी सजवण्यात आली आणि सोव्हिएत गटाच्या सीमांलगत रडार व रेडिओचे संदेश गोळा करण्याच्या गुप्त कामाला लावली गेली. हे काम पुढे ५१ व्या स्क्वाड्रनच्या नावाने चालले. प्रवाशांसाठी नालायक ठरलेल्या रचनेचा हा उपयोग अनेक वर्षे जनतेला ठाऊक नव्हता.

नव्या रोल्स-रॉइस एव्हन इंजिनांचे, लांब पल्ल्याचे कॉमेट ४ आले तेव्हा बीओएसीने त्याची १९ विमाने घेतली आणि ४ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडन व न्यूयॉर्क या दोन्ही शहरांतून एकाच दिवशी उड्डाणे करून अटलांटिकवरील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. तीन आठवड्यांनी पॅन ॲमचे बोइंग ७०७ त्याच महासागरावर आले. ७०७ मध्ये कितीतरी अधिक प्रवासी बसत व ते अधिक वेगवान होते, त्यामुळे ब्रिटनचे हे अग्रक्रमाचे समाधान अल्पजीवी ठरले. १९६० मध्ये बीओएसीने अटलांटिकवरून कॉमेट काढले आणि १९६५ मध्ये उरलेली सगळी. अपघातांमुळे गेलेल्या चार वर्षांची किंमत ब्रिटिश विमानउद्योगाने येथे मोजली.

मात्र ज्या लहान आकारामुळे कॉमेट अटलांटिकवर हरले, तोच गुण दुसऱ्या जगासाठी सोयीचा ठरला. उष्ण व उंचावरच्या विमानतळांवर हवा विरळ असते, तेथे पंखांना आधार व इंजिनाला जोर कमी मिळतो आणि धावपट्टी लांब लागते. मोठे पंख व तुलनेने हलका भार असलेले कॉमेट मेक्सिको सिटी, नैरोबी किंवा खार्टूमसारख्या ठिकाणांहून सहज उडे, आणि तेथील प्रवाशांची संख्याही ७०७ भरेल एवढी नव्हती. १९५९ मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय कंपनीने कॉमेट ४ घेऊन दक्षिण अमेरिकेत जेट युग आणले, पण नोव्हेंबर १९६१ पर्यंत तिने सहांतील तीन विमाने अपघातांत गमावली. जेट विमान हाताळण्याचा अनुभव पुरता जमण्याआधीच ते सेवेत आणावे लागल्याची किंमत अनेक देशांनी अशीच मोजली. १९६० ते १९६३ या काळात मेक्सिको, इजिप्त, लेबनॉन, सुदान, कुवेत आणि केनिया, युगांडा, टांगानिका व झांझिबार यांची सामाईक ईस्ट आफ्रिकन एअरवेज यांचे रंग कॉमेटच्या शेपटीवर दिसू लागले. यांतील कित्येक देश त्याच सुमारास स्वतंत्र झाले होते किंवा होण्याच्या वाटेवर होते. राष्ट्रीय विमानकंपनी ही तेव्हा नव्या राष्ट्राच्या ध्वजासारखी मानली जाई आणि लंडनच्या विमानतळावर आपल्या रंगातले जेट उभे असणे याला राजकीय अर्थ होता. जी वाट १९५२ मध्ये बीओएसीच्या कॉमेटने आखली, ती खार्टूम, बैरुत व एंटेबीवरून जाणारी वाट दहा वर्षांनी याच शहरांच्या स्वतःच्या कंपन्या त्याच नावाच्या विमानाने चालवत होत्या. वसाहती संपण्याच्या प्रक्रियेचा इतका ठळक पुरावा वाहतुकीच्या इतिहासात क्वचितच मिळतो.

इजिप्तची कंपनी, जी १९६० पासून युनायटेड अरब एअरलाइन्स या नावाने चाले, कॉमेटचा वापर कैरोपासून मुंबई, बँकॉक व हाँगकाँगमार्गे टोकियोपर्यंत करी. याच मार्गावर तिला मोठे तडाखे बसले. जुलै १९६२ मध्ये तिचे एक कॉमेट थायलंडच्या डोंगरात कोसळले. त्यानंतर सुमारे वर्षभराने, २८ जुलै १९६३ रोजी, दुसरे विमान ऐन पावसाळ्यातल्या रात्री सांताक्रूझला उतरण्याच्या तयारीत असताना मुंबईजवळ अरबी समुद्रात पडले आणि त्यातील कोणीही वाचले नाही. ग्रीसमधील जागतिक बालवीर मेळाव्याला निघालेले फिलिपिन्सचे बालवीर पथक त्या विमानात होते. मनिला महानगरात त्यांच्या नावाने रस्ते आहेत व स्मारक आहे. ज्या समुद्रात ती मुले गेली त्याच्या काठावरील शहराच्या स्मृतीत मात्र ही घटना राहिलेली नाही, आणि मुंबईच्या हवाई इतिहासातील ही उणीव भरून निघणे आवश्यक आहे.

कॉमेट बाळगणाऱ्यांच्या नशिबी अपघात आणि राजकारण दोन्ही आले. सौदी अरेबियाच्या राजासाठी खास घेतलेले एकमेव कॉमेट मार्च १९६३ मध्ये आल्प्स पर्वतात नष्ट झाले. लेबनॉनच्या मिडल ईस्ट एअरलाइन्सची तीन कॉमेट तर उडता उडता नव्हे, बैरुतच्या विमानतळावर उभी असतानाच, २८ डिसेंबर १९६८ च्या इस्रायली छाप्यात सुरुंगांनी उडवली गेली. ऑक्टोबर १९६७ मध्ये ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे, सायप्रसच्या सेवेसाठी चाललेले एक कॉमेट भूमध्य समुद्रात पडले तेव्हा विमान पुन्हा थकले की काय, अशी शंका येणे स्वाभाविक होते. पण पाण्यावर तरंगताना सापडलेल्या बैठकीच्या एका उशीत संशोधकांना शक्तिशाली स्फोटकाच्या खुणा आढळल्या आणि हा घातपात असल्याचे सिद्ध झाले. या वेळी विमान निर्दोष ठरले.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात वापरलेली कॉमेट स्वस्तात मिळू लागली आणि तिसऱ्या प्रकारच्या मालकाचा उदय झाला. प्रवास, निवास व जेवण यांची एकत्र रक्कम घेऊन स्पेन, ग्रीस किंवा इटलीच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवून आणणाऱ्या सहलसंस्थांसाठी विमाने भाड्याने चालवणारी ब्रिटनची डॅन-एअर ही कंपनी १९६६ पासून जगभरातून कॉमेट गोळा करू लागली. काही उडवण्यासाठी, काही केवळ सुट्या भागांसाठी अशी तिने पन्नासच्या आसपास विमाने मिळवली. त्यांत बीओएसीची होती, अरब व आफ्रिकी कंपन्यांची होती आणि हवाई दलाचीही. जेथे पूर्वी टेबलासभोवती बसून भोजन करणारे ३६ जण असत, त्याच रचनेच्या लांबवलेल्या सांगाड्यात आता शंभराहून अधिक माणसे दाटीने बसून मायोर्काला जात. यातील सर्वांत मोठे दुःख ३ जुलै १९७० रोजीचे: मँचेस्टरहून बार्सिलोनाला आलेले कॉमेट मोन्सेनी डोंगरावर आदळून ११२ जण गेले. १९७३ नंतर तेल महागले आणि चार भुकेली इंजिने परवडेनाशी झाली. ९ नोव्हेंबर १९८० रोजी डॅन-एअरने गॅटविकहून केलेल्या उड्डाणाने कॉमेटची प्रवासी सेवा संपली.

लष्करी सेवा संपली नव्हती. २१६ व्या स्क्वाड्रनने १९६२ पासून चालवलेली पाच कॉमेट १९७५ मध्ये निवृत्त झाली, बॉस्कोम डाउन येथील चाचणी केंद्राचे कॅनोपस हे कॉमेट १९९७ पर्यंत उडत राहिले, आणि याहूनही मोठा वारसा निमरॉड या नावाने चालू होता. शेवटच्या दोन न विकल्या गेलेल्या कॉमेट ४सी विमानांपासून हॉकर सिडली या ब्रिटिश कंपनीने पाणबुड्यांचा माग काढणारे हे विमान तयार केले. पोटाखाली शस्त्रे व पाणतीर ठेवण्याचा कप्पा जोडून आणि स्पे इंजिने बसवून ते १९६९ मध्ये सेवेत आले. उंचावरून वेगाने दूरच्या समुद्रावर पोचायचे आणि मग काही इंजिने बंद ठेवून खाली तासन्‌तास घिरट्या घालायच्या, या कामाला पंखाच्या मुळाशी एकवटलेली इंजिने फार सोयीची होती, कारण एका बाजूचे इंजिन बंद ठेवूनही विमान फारसे वाकडे ओढले जात नसे. २ सप्टेंबर २००६ रोजी कंदाहारजवळ हवेत इंधन भरल्यानंतर एका निमरॉडने पेट घेतला व १४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या चौकशीत इंधनाच्या जोडांशेजारून गेलेल्या तप्त नळ्यांची जुनी रचना आणि तिच्याकडे झालेले प्रशासकीय दुर्लक्ष उघड झाले.

त्याच सुमारास जुन्या निमरॉडचे सांगाडे ठेवून त्यांना संगणकावर आखलेले नवे पंख बसवण्याची मोठी योजना रखडत चालली होती. पंख जोडताना असे दिसून आले की १९६० च्या दशकातील सांगाडे कारागिरांच्या हाताने जुळवलेले असल्यामुळे एकाचे माप दुसऱ्याशी तंतोतंत मिळत नाही, आणि यंत्राने नेमक्या मापात कापलेले पंख त्यांवर बसवणे हा प्रत्येक विमानागणिक वेगळा प्रश्न झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने ही योजना रद्द केली आणि काही महिन्यांतच वुडफर्ड येथील कारखान्यात ती विमाने मोडीत काढण्यात आली. संदेश टिपणारी शेवटची निमरॉड, ५१ व्या स्क्वाड्रनच्या चौकोनी खिडक्यांच्या कॉमेटची थेट वारस, जून २०११ मध्ये वॉडिंग्टन येथून निवृत्त झाली.